मुले, अंगण आणि डास



पावसाळा आला की आपल्या देपालपुरातील आईबाप डासांच्या धास्तीने मुलांना अंगणात जाऊ देत नाहीत. काळजी रास्त आहे. पण मुलाला घरात कोंडून ती मिटत नाही. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि बहुधा घरातच, कुलर, रांजण, कुंडीखालची बशी यांतील स्वच्छ पाण्यात वाढतो. मलेरियाचा डास चावतो तो संध्याकाळनंतर व रात्री. त्यासाठी मच्छरदाणी हवी.

अंड्याचा डास होण्यास आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक वार ठरवून सारी भांडी रिती करावी. अंडी कडेला चिकटतात, तेव्हा घासणेही अगत्याचे. खेळताना मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावे. ताप आल्यास रक्त तपासून घ्यावे. ॲस्पिरिन देऊ नये, डेंग्यूत रक्तस्रावाचे भय असते.

१९५८ साली देशाने मलेरिया-निर्मूलनाची मोहीम हाती घेतली. १९६५ च्या सुमारास रुग्ण वर्षाला १ लाखावर आले. पुढे दक्षता ढिली पडली आणि १९७६ साली तो आकडा ६४ लाखांवर गेला! आपल्या घरातही तेच घडते.

तेव्हा मुलांना खुशाल खेळू द्या. झाकण रांजणावर घाला.