कणाची पारख



थ्रीडी प्रिंटिंगचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'यंत्र केवढ्याला पडतं?' प्रश्न रास्त आहे. पण आज मी यंत्राबद्दल थोडं आणि त्यात ओतायच्या पावडरीबद्दल जास्त बोलणार आहे. छापलेला भाग रॉकेटात बसणार की भंगारात जाणार, हे पुष्कळदा लेझर पेटण्याआधी, डब्यातच ठरलेलं असतं.

मुंबईतल्या आपल्या भायखळ्याला हे पटायला वेळ लागू नये. रिचर्डसन अँड क्रुडाससारख्या कारखान्यांनी इथे लोखंडाला आकार दिला. १८८७ साली स्थापन झालेली व्हीजेटीआय ही तंत्रशिक्षण संस्था १९२३ साली माटुंग्याला गेली, त्याआधी ती इथेच होती. लक्ष्मणराव किर्लोस्कर याच संस्थेत शिकवत होते. पुढे त्यांनी नांगराचा कारखाना काढला आणि १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. पहिल्या महायुद्धात कच्चं लोखंड मिळेनासं झालं, तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा त्यांना दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. भट्टी होती, कारागीर होते, गिऱ्हाईक होतं. अडलं होतं ते मालापाशी. थ्रीडी प्रिंटिंगमध्ये आपलं आज तिथेच अडतं आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी काम कसं चालतं ते पाहू. एका पेटीत पावडरीचा पातळ थर पसरतात. धातूच्या यंत्रात हा थर साधारण ३० ते ६० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. नकाशात जिथे भाग असेल तिथेच लेझर पावडर वितळवतो. मग तळ तेवढाच खाली जातो, नवा थर येतो. असे हजारो थर. ऐंशीच्या दशकात टेक्सास विद्यापीठात कार्ल डेकार्ड या विद्यार्थ्याने लेझरने प्लास्टिकची पावडर जोडून दाखवली. १९८९ साली एमआयटीत ईमॅन्युएल सॅक्स आणि सहकाऱ्यांनी पावडरीवर चिकटद्रव्य फवारायच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. याच दुसऱ्या पद्धतीने आता वाळूचे साचे छापतात आणि ओतकामात वापरतात.

यातली सगळी मेख 'पसरतात' या साध्या क्रियापदात आहे. रांगोळी चिमटीतून सरसर सुटते, तांदळाची पिठी मात्र बोटांना चिकटून गोळ्यांनी पडते. कण फार बारीक झाले की एकमेकांना धरून बसतात. म्हणून लेझर यंत्रासाठी सहसा १५ ते ४५ मायक्रॉनचे कण घेतात. त्याहून बारीक असले तर पावडर वाहत नाही, जाड असले तर थर नीट बसत नाही. आकारही गोल हवा. ओबडधोबड कण एकमेकांत अडकतात, थरात खळगे राहतात आणि त्या खळग्यांची पुढे भागात छिद्रं होतात.

गोल कण येतो कुठून? वितळलेल्या धातूची बारीक धार वरून सोडतात आणि तिच्यावर आर्गॉन किंवा नायट्रोजनचे जोरदार झोत मारतात. धार फुटते, थेंब उडतात, आणि थिजेपर्यंतच्या क्षणभरात पृष्ठताण त्यांना गोल करतो. पाण्याचा झोत वापरला तर खर्च कमी, पण थेंब वेडेवाकडे थिजतात. दाबून आणि भाजून केलेल्या गाड्यांच्या सुट्या भागांना अशी पावडर चालते. लेझरच्या यंत्राला ती बहुधा पेलत नाही. टायटॅनियमची तर निराळीच तऱ्हा. वितळलेला टायटॅनियम मुशीलाच खातो, म्हणून त्याची तार किंवा कांडी मुशीविना वितळवावी लागते. शिवाय थिजताना कणाच्या पोटात वायू अडकला, तर तो छापलेल्या भागातही उतरू शकतो आणि वारंवार ताण सोसणारा भाग तिथून तडकतो.

आता मुंबईचा पावसाळा आठवा. ओलावा धरलेली पावडर वाहत नाही, आणि ॲल्युमिनियमच्या बाबतीत त्या ओलाव्यातला हायड्रोजन धातूत शिरून छिद्रं करतो. टायटॅनियमचा शत्रू ऑक्सिजन. हाडांच्या इम्प्लांटसाठी वापरायच्या उच्च शुद्धतेच्या टायटॅनियम मिश्रधातूत त्याची मर्यादा ०.१३ टक्के आहे. न वितळलेली पावडर चाळून पुन्हा वापरतात, पण दर फेरीला ती थोडा ऑक्सिजन घेतेच. जे. जे. रुग्णालय ज्या वस्तीत आहे तिथे याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. ऑक्सिजनमुळे ठिसूळ झालेला सांधा रुग्णाच्या शरीरात बसवणं कोणालाच परवडणार नाही.

आणखी एक धोका सांगतो. ॲल्युमिनियम आणि टायटॅनियमची बारीक पावडर हवेत उडाली आणि ठिणगी पडली तर स्फोट होतो. साधा व्हॅक्युम क्लीनर तिथे चालत नाही, पेटलेल्या पावडरीवर पाणी मारणं घातक ठरतं, आणि श्वासातून कण जाऊ नयेत म्हणून मास्क लागतो. दाटीच्या गाळ्यात असं यंत्र बसवणाऱ्याने आधी याचा बंदोबस्त करावा.

इतकी उठाठेव कशासाठी? इस्रोचं उदाहरण घ्या. पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं इंजिन त्यांनी लेझर आणि पावडरीच्या पद्धतीने नव्याने बनवलं आणि ९ मे २०२४ रोजी ६६५ सेकंद चालवून पाहिलं. चौदा भागांचा एक भाग झाला, एकोणीस वेल्डिंगचे जोड गेले. पूर्वी घडीव धातू आणि पत्रे मिळून ५६५ किलो माल लागायचा, तिथे १३.७ किलो पावडर पुरली. आता त्या तेरा किलोंची जबाबदारी किती वाढली पहा. पूर्वी खराब पत्रा बाजूला काढता येत होता. इथे एक खराब लॉट म्हणजे अख्खं इंजिन.

प्लास्टिकमध्येही सगळं पावडरीपाशीच येतं. नायलॉन ११ हा छपाईचा चिवट, चांगला माल एरंडेलापासून बनतो. एरंडाच्या उत्पादनात भारत जगात पहिला, त्यातही गुजरात पुढे. आणि या नायलॉनचा जगातला मुख्य उत्पादक कोण? फ्रान्सची आर्केमा. बी आपल्या शेतात पिकतं, पण कणाचा आकार, वितळबिंदू आणि वाहतेपणा ज्याच्या हातात, मोठी किंमत तोच घेतो.

हैदराबादला एआरसीआय ही पावडर धातुशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे. पवईला आयआयटीत थरांनी भाग घडवण्याचं संशोधन अनेक वर्षं चाललं आहे. पण पावडर पारखणारी माणसं संशोधनसंस्थांपुरती राहून भागणार नाही. सुरुवातीला लागतं तरी काय? चाळण्यांचा संच, अचूक काटा, सुकवायची भट्टी, सूक्ष्मदर्शक आणि अडीच मिलिमीटर भोकाचं एक प्रमाणित नरसाळं. त्यातून ५० ग्रॅम पावडर किती सेकंदांत वाहते हे मोजलं, की लॉटचा स्वभाव पुष्कळसा कळतो. हे सामान साबू सिद्दिकसारख्या आपल्या शेजारच्या तंत्रसंस्थेच्या आवाक्यातलं आहे. ऑक्सिजन मोजायचं उपकरण महाग पडतं. ते चार-पाच उद्योजकांनी मिळून घ्यावं.

लोखंडबाजारात आपण टीसी, म्हणजे मालाचं टेस्ट सर्टिफिकेट, पाहिल्याशिवाय प्लेट उचलत नाही. छपाईचा जॉब देतानाही विचारा: पावडर कोणत्या लॉटची, कितव्यांदा वापरलेली, शेवटची कधी तपासली? उत्तर कागदावर मिळालं तर यंत्राच्या किमतीची चर्चा करू. नाही मिळालं, तर दुसरा गाळा शोधा.