ओलं असतानाच फोडावं



मे महिना सरत आला की आपल्या मावळात घरोघर एकच गडबड असते. पावसाळ्याची बेगमी! गॅस आला, तरी आंघोळीचं पाणी तापवायला चूल लागतेच. आणि लोणावळ्याकडचा पाऊस एकदा लागला, की १५-१५ दिवस सूर्याचं तोंड दिसत नाही. म्हणून लाकडं आधी फोडायची आणि पडवीत रचायची.

आता लाकूड लाकडात फरक असतो. पांगारा, सावर मऊ. कुऱ्हाड लागली की शिरली. पण ऐन, धावडा, बाभूळ? ही फोडणाऱ्याची परीक्षा बघतात. घरातला जिमला जाणारा नातू पुढं होतो. दोन्ही हात वर, आणि घाव बरोबर मधोमध! काय होतं? कुऱ्हाड अडकते. लाकूड फुटेना आणि कुऱ्हाड निघेना. (हशा)

पडवीतनं आजोबा म्हणतात, "आरं बाळा, जोर कशाला दावतो त्याला? आधी बघ तरी त्याच्याकडं." आजोबा ओंडका फिरवतात. टोकाला सुकताना पडलेली बारीक चीर शोधतात. तिच्यात लोखंडी पाचर ठेवतात, वर घणाचा बेताचा ठोका. मग दुसरी पाचर पुढं. ओंडका फार मोठा असला तर कडेच्या ढलप्या आधी, गाभा शेवटी. आणि गाठीवर घाव घालत नाहीत.

का हो? गाठ म्हणजे काय? तिथं कधीकाळी फांदी फुटलेली असते. खोडाचे धागे उभे, फांदीचे आडवे, ते एकमेकांत गुंतून बसतात. मनातल्या गाठीचंही तेच. जिथं गाठ आहे, तिथं एके काळी काहीतरी जिवंत फुटलेलं असतं. परक्याशी कोणाची गाठ बसत नाही, माउली, सख्ख्याशीच बसते.

आणखी एक ऐका. अशी बरीच कठीण लाकडं ओली असताना सोपी फुटतात. वाळली की लोखंड होतात. म्हणून जाणता माणूस ओलं फोडतो आणि वाळवून जाळतो. अख्खा ओंडका सालीच्या आत पाणी धरून बसतो. तो चुलीत घातला की जाळ कमी, धूर जास्त. आणि डोळ्यांत पाणी घरच्या बाईच्या.

आता आपलं बघा. द्रुतगती मार्ग आला, बंगले आले, गुंठ्याला भाव आला. आणि बांधाच्या हातभर मातीवरून सख्खे भाऊ बोलेनासे झाले. पहिल्या दिवशी वाद ओला होता. "दादा, बस, आपण मोजून घेऊ," एवढी पाचर पुरली असती. आपण तो कोर्टात १०-१० वर्षं वाळत घातला. आता घणावर घण पडतात. वाद फुटत नाही, घर फुटतं. आईच्या दहाव्याला एकाच घाटावर दोन भाऊ दोन टोकांना उभे! धूर कोणाच्या डोळ्यांत गेला, सांगा?

आपली इंद्रायणी कुरवंड्याजवळ उगम पावते आणि देहूवरून जाते. त्या देहूत तुकोबारायांच्या घरी सावकारी होती. लोकांची कर्जखतं घरात. परंपरा सांगते, महाराजांनी धाकट्या भावाचा, कान्होबांचा, अर्धा वाटा त्यांच्या हाती दिला, आणि आपला वाटा इंद्रायणीत सोडला. नीट ऐका! वैराग्य केलं ते आपल्या वाट्यातून. भावाचा वाटा बुडवला नाही. वाटणी झाली, पण भाऊ तुटला नाही. महाराज गेल्यावर त्याच कान्होबांनी केलेला शोक त्यांच्या अभंगांत आजही वाचायला मिळतो.

मग कठीण असणं वाईट का? नाही. एकवीरा आईच्या दर्शनाला गेलात की शेजारच्या कार्ल्याच्या लेण्यात वर बघा. छताला लाकडी कमानी आहेत, सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या. लाकूड तेच, पण छताला धरून राहिलं. तसं घट्ट राहायचं तर नामात राहा, शब्दाला घट्ट राहा, भांडणात नको.

पाऊस यायला अजून थोडे दिवस आहेत. ज्याची गाठ ओली आहे, त्यानं आजच भावाच्या उंबऱ्यावर जावं. ज्याची वाळली आहे, त्यानंही जावं. चीर शोधावी, बेतानं ठोकावं. पहिली ढलपी निघाली की बाकीचं पांडुरंग बघेल.

रामकृष्ण हरी!