व्हर्जन कंट्रोलचे सुगम शिक्षण : अध्यक्षीय भाषण

व्हर्जन कंट्रोल म्हणजे मजकुरात कोणी, केव्हा, काय आणि का बदलले याची सलग नोंद ठेवणारी व्यवस्था. हा मजकूर प्रोग्रामचा असेल, संकेतस्थळाचा असेल, शब्दकोशाचा किंवा पुस्तकाच्या हस्तलिखिताचाही असेल. महाराष्ट्रात जमिनीच्या दफ्तराशी ज्याचा संबंध आला आहे त्याला ही कल्पना परकी वाटू नये. सातबारा उतारा जमिनीची आजची स्थिती सांगतो. ती स्थिती कशी आली हे गाव नमुना ६ मधल्या फेरफार नोंदींवरून कळते. फेरफाराला क्रमांक असतो, तारीख असते, कारण असते. नोंद धरली की संबंधितांना नोटीस जाते, हरकती ऐकल्या जातात आणि नोंद प्रमाणित झाल्यावरच तिचा अंमल सातबाऱ्यावर येतो. गिट या व्हर्जन कंट्रोल प्रणालीमध्ये फेरफाराच्या जागी कमिट असते, हरकती आणि तपासणीच्या जागी पुल रिक्वेस्ट असते आणि प्रमाणित नोंद मूळ प्रतीत मिसळण्याला मर्ज म्हणतात.

या व्यवस्थेचा इतिहास पन्नास वर्षांहून जुना आहे. १९७२ मध्ये बेल लॅब्जमध्ये मार्क रोचकाइंड यांनी एससीसीएस ही प्रणाली लिहिली. पुढे आरसीएस, सीव्हीएस आणि २००० मध्ये सुरू झालेले सबव्हर्जन अशा प्रणाली आल्या. लिनक्स कर्नलचे काम काही वर्षे बिटकीपर या व्यावसायिक प्रणालीवर चालत होते. तिचा विनामूल्य वापर बंद झाल्यावर एप्रिल २००५ मध्ये लायनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतले. त्याच वर्षी जुनिओ हमानो यांच्याकडे गिटची देखभाल आली. २००८ मध्ये गिटवरचे प्रकल्प ठेवण्याचे गिटहब हे संकेतस्थळ सुरू झाले आणि विद्यार्थी, अनुवादक, टंकरचनाकार हे सारे या पद्धतीने काम करू लागले. आज प्रोग्रामरची नोकरी मागणाऱ्याला गिट येते हे गृहीत धरले जाते. म्हणून गिट शिकण्याचा रस्ता कोणासाठी बंद राहिला तर त्या व्यक्तीला हा व्यवसायच बंद होतो.

गिट मुळात मजकुरावर आणि टंकलेल्या आज्ञांवर चालते. स्क्रीन रीडर हे सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवते किंवा ब्रेल डिस्प्लेवर उमटवते. त्यामुळे दृष्टिबाधित विद्यार्थ्याला गिट इतर अनेक साधनांपेक्षा जवळचे असायला हवे. हात न हलवता आवाजाने संगणक चालवणाऱ्याला आणि माउस न वापरता कीबोर्डवर काम करणाऱ्यालाही ते जमण्यासारखे आहे. अडथळा येतो तो शिकवण्याच्या पद्धतीतून. बाणांच्या आकृत्या, लाल-हिरव्या रंगांचे पडदे, ‘इथे क्लिक करा’ असे सांगणारे व्हिडिओ यांतून एक मजकुरी साधन चित्रांचा विषय होऊन बसते. सुगम्यता पहिल्या धड्यापासून शिकवली तर ती सोपी जाते. अभ्यासक्रम संपल्यावर जोडायला गेले तर प्रत्येक सवय मोडून नव्याने लावावी लागते.

पहिल्या धड्यात पाच आज्ञा पुरतात. गिट स्टेटस सध्याची स्थिती सांगते, गिट ॲड बदल निवडते, गिट कमिट त्यांची नोंद करते, गिट लॉग जुन्या नोंदी दाखवते आणि गिट डिफ दोन स्थितींमधला फरक दाखवते. यांपैकी स्टेटसचे उत्तर स्पष्ट शब्दांत येते, म्हणून सुरुवात तिथून करावी. कमिट करताना संदेश त्याच ओळीत दिला नाही तर गिट एक संपादक उघडते. अनेक संगणकांवर तो व्हिम असतो आणि त्यातून बाहेर कसे पडायचे हे नवशिक्याला समजत नाही. गिटच्या सेटिंगमध्ये विद्यार्थ्याच्या सवयीचा संपादक, अगदी विंडोजचे नोटपॅडसुद्धा, आधीच नेमून दिला की ही अडचण उरत नाही. लॉगचा मजकूर लांबला की तो पानापानाने दाखवणारा पेजर मध्ये येतो. स्क्रीन रीडरवर काम करणाऱ्याने पेजर बंद ठेवून मोजक्याच नोंदी मागवाव्यात. लॉगमध्ये शाखांची आकृती काढणारा पर्याय उभ्या-तिरप्या रेघांनी चित्र रचतो. कानाला त्या नुसत्या चिन्हांची रांग म्हणून ऐकू येतात. एका ओळीत एक नोंद देणारी साधी यादी इथे जास्त उपयोगी आहे.

डिफ जरा जवळून पाहण्यासारखे आहे. वगळलेल्या ओळीच्या आरंभी वजाचे चिन्ह असते आणि नव्या ओळीच्या आरंभी अधिकचे. पडद्यावर या ओळी सहसा लाल आणि हिरव्या दिसतात. लाल-हिरवा फरक न कळणारे पुरुष साधारणपणे बारांत एक असतात, म्हणजे चाळीस जणांच्या वर्गात असा विद्यार्थी असण्याची शक्यता बरीच आहे. त्याला चिन्हांचा आधार मिळतो. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याचे मात्र चिन्हही निसटू शकते. विरामचिन्हे वाचण्याची पातळी खाली ठेवलेली असेल तर वजाचे चिन्ह न उच्चारताच ओळ वाचली जाते आणि पुसलेली ओळ जिवंत ओळीसारखी ऐकू येते. डिफ वाचण्यापूर्वी ही पातळी वाढवणे हा शिकण्याचा भाग आहे आणि तो पाठ्यपुस्तकात छापलेला असायला हवा. व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये यासाठी वेगळी सोय आहे. डिफ उघडून एफ ७ दाबले की सुगम डिफ दर्शक सुरू होतो आणि प्रत्येक बदल ओळीच्या क्रमांकासह वाचता येतो.

मराठीत काम करणाऱ्यांची एक अडचण इंग्रजी पुस्तकांत फारशी सापडणार नाही. फाइलचे नाव देवनागरीत असेल तर गिट ते मूळ अवस्थेत न दाखवता आकड्यांत दाखवते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते, त्यामुळे ‘क’ या एका अक्षराच्या जागी ३४०, २४४, २२५ असे तीन अष्टमान आकडे येतात. ‘कविता’ नावाच्या फाइलसाठी असे पंधरा आकडे ऐकावे लागतात आणि तरीही फाइल कोणती ते कळत नाही. कोअर.कोटपाथ ही सेटिंग बंद केली की नाव देवनागरीत येते. एका आज्ञेचे काम आहे, पण ते कोणी सांगितलेच नाही तर विद्यार्थी मराठी नावे देणेच सोडून देतो.

दुसरी अडचण ‘वाऱ्या’, ‘दऱ्या’ या शब्दांतल्या ऱ ची. युनिकोडमध्ये तो एका चिन्हाने लिहिता येतो, तसाच र आणि नुक्ता या दोन चिन्हांनीही लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण गिट बाइट मोजते. म्हणून डिफमध्ये एकच ओळ वगळलेली आणि पुन्हा घातलेली दिसते आणि फरक काय हे डोळ्यांनी शोधून सापडत नाही. एकत्र काम करणाऱ्या गटाने एकच युनिकोड रूप ठरवून घेतले की हे निरर्थक बदल थांबतात. कोडच्या ओळी आत सरकवण्याबाबतही असाच निर्णय करावा लागतो. चाळीस घरांच्या ब्रेल डिस्प्लेवर चार पातळ्या आत गेलेली ओळ चार-चार मोकळ्या जागांनी मांडली तर सोळा घरे रिकामी जातात. टॅब हे एकच अक्षर आहे आणि ते किती रुंद दाखवायचे हे वाचणाऱ्याला ठरवता येते. असा निर्णय कोणाच्या आवडीनिवडीवर सोडू नये. गटात ब्रेल वाचणारा सहकारी असेल तर त्याचे म्हणणे आधी ऐकावे.

यानंतर शाखा आणि मर्ज. शाखा किंवा ब्रँच म्हणजे मूळ कामाला धक्का न लावता बदल करून पाहण्याची वेगळी वाट. दोन शाखांनी एकच ओळ वेगवेगळ्या तऱ्हेने बदलली की मर्जच्या वेळी कॉन्फ्लिक्ट होतो. नवशिके याची धास्ती घेतात, पण त्याची मांडणी अगदी नियमबद्ध आहे. वादाच्या जागी आधी ‘पेक्षा लहान’ या चिन्हाची सात अक्षरे असलेली ओळ येते, तिच्याखाली चालू शाखेचा मजकूर, मग सात बरोबरची चिन्हे, त्याखाली दुसऱ्या शाखेचा मजकूर आणि शेवटी ‘पेक्षा मोठे’ या चिन्हाची सात अक्षरे. पडदा न पाहणाऱ्याने संपादकाच्या शोध-सोयीत ती सात चिन्हे टंकावीत आणि थेट वादाच्या जागी पोचावे. दोन्ही मजकूर ऐकून योग्य तो ठेवावा, तिन्ही खुणांच्या ओळी काढाव्यात आणि कमिट करावे. एखादी खूण चुकून राहिलीच तर डिफच्या चेक या पर्यायाने ती फाइलच्या नावासह आणि ओळीच्या क्रमांकासह सापडते. इथे आकृतीची कुठेच गरज लागत नाही.

सामूहिक कामात क्लोन, पुश आणि पुल या तीन क्रिया येतात. दूरच्या रिपॉझिटरीची, म्हणजे सर्व नोंदींसह साठवलेल्या प्रकल्पाची, पूर्ण प्रत आपल्या संगणकावर आणणे, आपल्या नोंदी तिकडे पाठवणे आणि इतरांच्या नोंदी इकडे घेणे. त्यापुढचे सारे काम माणसांमधले आहे. अडचण मांडणारा इश्यू, बदल सुचवणारी पुल रिक्वेस्ट आणि त्यावरची तपासणी, या तिन्ही ठिकाणी लिहिण्याची शिस्त हीच सुगम्यता ठरते. ‘बदल केले’ असा कमिट संदेश कोणालाच काही सांगत नाही. ‘नोंदणी अर्जातील फोन नंबरच्या चौकटीला लेबल जोडले’ हा संदेश सहा महिन्यांनी येणाऱ्या सहकाऱ्याला आणि लॉग कानाने ऐकणाऱ्यालाही सारखाच उपयोगी पडतो. त्रुटी दाखवताना नुसते स्क्रीनचे छायाचित्र जोडू नये. त्रुटीचा संदेश मजकूर म्हणूनही द्यावा. रीडमी फाइलमध्ये शीर्षके क्रमाने असावीत, चित्राला पर्यायी मजकूर असावा आणि दुव्याच्या शब्दांवरून दुवा कुठे नेतो ते कळावे. मोठे बदल एका पुल रिक्वेस्टमध्ये कोंबू नयेत, कारण चाळीस फाइलींचा फरक कानाने तपासणे हे डोळ्यांनी तपासण्यापेक्षा कितीतरी जास्त थकवणारे काम आहे.

तपासणीचा काही भाग यंत्रावर सोपवता येतो. प्रत्येक पुल रिक्वेस्टवर ॲक्स-कोअरसारखे मुक्त साधन चालवले की चित्राचा पर्यायी मजकूर राहिला आहे, रंगांचा विरोध अपुरा आहे अशा चुका लगेच समजतात. वेब सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी मार्गदर्शक तत्त्वांनुसार एए पातळीला साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ एवढा विरोध लागतो आणि यंत्र तो अचूक मोजते. पर्यायी मजकूर अर्थपूर्ण आहे की नाही हे मात्र यंत्राला कळत नाही. ते माणसानेच ऐकून ठरवायचे असते. ही तत्त्वे स्वतःही गिटहबवर उघडपणे घडतात, त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि कोणताही वाचक त्यांतल्या वाक्याबद्दल इश्यू मांडू शकतो.

दिव्यांग प्रोग्रामर या क्षेत्रात केवळ लाभार्थी म्हणून राहिलेले नाहीत. एनव्हीडीए हा विंडोजवरचा मुक्त स्क्रीन रीडर २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने सुरू केला. पुढे जेम्स टेह हे दुसरे दृष्टिहीन प्रोग्रामर त्यांच्याबरोबर आले. त्याचा सगळा कोड आज गिटहबवर आहे. ब्रेल लिप्यंतराची लिबलुइस ही लायब्ररी जॉन बॉयर या बहिऱ्या आणि अंध प्रोग्रामरने उभी केली. पुण्यात जन्मलेले टी. व्ही. रामन पुणे विद्यापीठात गणित आणि आयआयटी मुंबईत संगणकशास्त्र शिकून कॉर्नेलला गेले. १९९४ मध्ये गणिती मजकूर ध्वनीतून मांडण्याच्या संशोधनावर त्यांना पीएच.डी. मिळाली आणि १९९५ मध्ये त्यांनी ईमॅकस्पीक हा बोलणारा कार्यपरिसर प्रसिद्ध केला. त्याचाही कोड सर्वांसाठी खुला आहे.

मराठीचे काम याच रिपॉझिटऱ्यांमध्ये पडून आहे. लिबलुइसमध्ये मराठीचा ब्रेल तक्ता आहे. ई-स्पीक एनजी या मुक्त वाचा-यंत्रात मराठीचे उच्चारनियम आहेत. मुंबईच्या एक टाइप या गटाचे मुक्त आणि बलू हे देवनागरी टंकही खुल्या परवान्याने उपलब्ध आहेत. जोडाक्षराचा उच्चार चुकला किंवा ब्रेलमध्ये ठिपका चुकला तर दुरुस्ती बहुधा साध्या मजकूर फाइलमधल्या एखाद्या ओळीची असते. ती सुचवायला मोठा प्रोग्रामर असावे लागत नाही. मराठी नीट यावे लागते आणि पुल रिक्वेस्ट कशी पाठवायची ते माहीत असावे लागते. रोज स्क्रीन रीडर ऐकणाऱ्या मराठी वाचकाला ही चूक सर्वांत आधी कळते. त्यामुळे या कामाचा सर्वांत पात्र कार्यकर्ताही तोच आहे.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला आशय सुगम ठेवण्याची जबाबदारी शासनावर टाकली. आयएस १७८०२ हे माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेचे भारतीय मानकही तयार आहे. कायदा आणि मानक वर्गात पोचवण्याचे काम शिक्षकांचे आणि व्यावसायिकांचे आहे. प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि तंत्रनिकेतनात गिटचा पहिला तास पडदा बंद ठेवून, कीबोर्ड आणि स्क्रीन रीडरवर घेतला जावा. परीक्षेत आकृती काढा असा प्रश्न असेल तर शब्दांत वर्णन करा हा पर्याय बरोबरीच्या गुणांनी असावा. गटप्रकल्पाच्या मूल्यमापनात कमिट संदेश आणि तपासणीतली भाषा यांना स्वतंत्र गुण असावेत. व्यावसायिकांनी आपापल्या संस्थेतले एक तरी नवशिक्यासाठीचे काम मराठीत, मजकुरात आणि मदतीच्या आश्वासनासह खुले करावे. आणि गिटवर मराठीत जे पुढचे पुस्तक लिहिले जाईल त्याची पहिली तपासणी ते कानाने किंवा बोटांनी वाचणाऱ्या विद्यार्थ्याकडून व्हावी, त्याने सुचवलेल्या दुरुस्त्या मर्ज झाल्यावरच ते छापायला जावे, हे या परिषदेतल्या प्रत्येक शिक्षकाला आणि लेखकाला आवाहन आहे.