सर, आज हात वर करते



सर, गणिताच्या तासाला मी हात का वर करत नव्हते, ते आज सांगते. उत्तर यायचं. पण हात वर केला की गणवेशाची अर्धी बाही मागे सरकायची आणि माझे जाड दंड दिसायचे. घरच्या पानमळ्यात पानांच्या पाट्या उचलून हे दंड असे झालेत, असं मला वाटायचं. लाज वाटायची.

पुढे इंजिनीअर झाले, पण वैशाखातही पूर्ण बाहीच. शिंप्याला सांगायचे, ‘दंडात घट्ट शिवा, बारीक दिसतं.’ मग मीटिंगमध्ये फळ्यावर लिहायला गेलं की काखेत शिवण उसवायची. शेवटी खडू दुसऱ्याच्या हाती द्यायला लागले.

तीन वर्षांपूर्वी तुकोबांची पालखी आपल्या निमगावात मुक्कामाला होती, तेव्हा मी घरी होते. डोक्यावर तुळस घेऊन देहूपासून चालत आलेल्या बाया पाहिल्या. तुळस सावरायला एक हात वर. कुणाचा दंड जाड, कुणाचा सुरकुतलेला. माझं लक्ष मात्र आधी तुळशीकडे, मग चेहऱ्याकडे गेलं. दंड मी मुद्दाम पाहिले तेव्हाच दिसले. मग माझे तरी कोण बघत बसलं होतं?

त्यानंतर शिंप्याला खरं माप दिलं. बाही अर्धी, मुंढ्यात सैल. आज अंगात तोच ब्लाउज आहे.

सर, विचारा एखादं गणित. उत्तर चुकेल कदाचित, पण हात वर करते.