मानेतली धमनी आणि ऑपरेशननंतरची वर्षं



संयोजकांचा हुकूम आहे, "डॉक्टर झालास ना, मग दहा मिनिटं तब्येतीवर बोल." आपली बॅच साठीला आली, म्हणून मानेतल्या धमनीचा विषय घेतो. जबड्याखाली हलकेच बोट ठेवलं की ठोका लागतो, तीच ती. मेंदूला रक्त नेणारी. (दोन्ही बाजू एकदम दाबून बघू नका!)

वय, बीपी, साखर आणि विडी-सिगारेट यांनी या धमनीत आतून चरबीचा थर साचतो. ठिबक वापरणाऱ्यांना हे समजवायला नको. नळी पूर्ण बंद व्हायच्या आधीच आतला खडा सुटतो आणि पुढच्या ड्रिपरमध्ये अडकतो. इथेही कपची सुटते आणि मेंदूतल्या बारीक रक्तवाहिनीत जाऊन बसते. हात लुळा पडतो, शब्द फुटत नाही, किंवा एका डोळ्यापुढे पडदा येतो. कधी दहा-पंधरा मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. घरचे म्हणतात, "उन्हात फिरला, चक्कर आली असेल." खरं तर अंगावरून वारं जाण्याआधीची ती सूचना असते.

अशा वेळी मानेची डॉप्लर सोनोग्राफी करतात. आपल्या खोडदला आकाशाचा आवाज ऐकायला ४५ मीटरच्या तबकड्या लागतात. मानेसाठी हातात मावणारं यंत्र पुरतं. धमनी फार अरुंद असेल तर ती उघडून आतला थर खरवडून काढतात. पूर्ण बंद झाली असेल तर सहसा हे ऑपरेशन करत नाहीत. आणि सूचना मिळाल्यापासून दोन आठवड्यांत केलं तर फायदा सर्वांत जास्त. "द्राक्षाची तोडणी उरकू दे, मग बघू" हे इथे चालत नाही.

पुढे काय होतं, हा खरा प्रश्न. १९९१ साली अमेरिका-कॅनडातला एक मोठा अभ्यास आला. सूचना मिळालेले, ७० टक्क्यांहून जास्त अरुंद धमनीचे रुग्ण. नुसत्या औषधांवर दोन वर्षांत १०० पैकी २६ जणांना त्याच बाजूचा पक्षाघात झाला, ऑपरेशन केलेल्यांत ९ जणांना. ऑपरेशनच्या वेळचा धोका त्या ९ मध्येच धरलेला आहे, आणि तो धोका खोटा नाही. ज्यांना कधीच काही झालं नाही, केवळ तपासणीत अरुंदपणा सापडला, त्यांचा हिशोब वेगळा. २०१० साली दहा वर्षांचे निष्कर्ष आले: लगेच ऑपरेशन केलेल्यांत १३.४ टक्के, थांबलेल्यांत १७.९ टक्के. फरक आहे, पण थोडा. म्हणून रिपोर्ट हातात येताच घाबरून टेबलावर झोपू नका. दुसऱ्या डॉक्टरांनाही विचारा.

१९५३ साली मायकेल डिबेकी यांनी ह्यूस्टनला हे ऑपरेशन यशस्वी केलं. रुग्ण ५३ वर्षांचा होता. पुढे तो १९ वर्षं जगला, पक्षाघात पुन्हा झाला नाही. गेला तो हृदयविकाराने. मी ही गोष्ट प्रत्येक रुग्णाला सांगतो. मानेतली नळी साफ झाली तरी तोच थर हृदयाच्या नळ्यांतही असतो. ऑपरेशननंतर मानेची कातडी काही महिने बधिर वाटते, कुणाचा आवाज थोडा बसतो. त्याची चिंता फार होते. पण वर्षभरात "आता बरं आहे" म्हणून ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी बंद होते, त्याची चिंता कुणालाच नसते! विडीही हळूच परत येते. काहींची धमनी पुन्हा अरुंद होते, म्हणून अधूनमधून डॉप्लरही करावी लागते.

तंबाखूची पुडी खिशात असलेल्या तिघांना मी मघाशीच पाहिलंय, नावं घेत नाही. जेवणानंतर व्हरांड्यात बीपीचं यंत्र घेऊन बसतो. गुरुजींपासून सुरुवात करू.