गुलदार, घडियाल आणि किनाऱ्यापर्यंतचं शेवटचं पाणी

आजचा एपिसोड युद्धनौकांवर आहे, पण विक्रांतसारख्या मोठ्या नौकांवर नाही. आज बोलायचंय त्या जहाजांबद्दल, जी मुद्दाम जाऊन किनाऱ्याला रुततात. हो, मुद्दाम! रणगाडे आणि जवान थेट वाळूवर उतरवणारी जहाजं. इंग्रजीत यांना लँडिंग शिप म्हणतात, आणि छोटी असली तर लँडिंग क्राफ्ट.

दिघीकरांना ही कल्पना समजावून सांगायची गरजच नाही. दिघी-आगरदांडा फेरीबोट डोळ्यांसमोर आणा. पुढचं तोंड खाली पडतं, त्याचाच रॅम्प होतो, आणि गाड्या धडाधड उतरतात. लँडिंग क्राफ्टचं तत्त्व नेमकं हेच. फरक एवढाच की आपल्या फेरीबोटीला समोर सिमेंटचा उतार तयार मिळतो. युद्धात समोर असते नुसती पुळण, आणि पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही.

अशा जहाजाचा तळ सपाट असतो. पुढून ते कमी बुडतं, मागून जास्त, म्हणजे तळाचा तिरकेपणा किनाऱ्याच्या उताराशी जुळावा. किनाऱ्याकडे येतानाच मागे एक नांगर टाकलेला असतो. माल उतरला की त्याच नांगराची दोरी गुंडाळत जहाज स्वतःला मागे ओढून घेतं. आणि शक्यतो चढत्या भरतीत लागायचं. ओहोटीत लागलात तर पुढची भरती येईपर्यंत तिथेच बसा.

आता थोडं गणित. सोपं आहे, घाबरू नका. समजा जहाज पुढून एक मीटर बुडतंय. किनाऱ्याचा उतार पन्नासास एक असेल, तर जहाज कोरड्या वाळूपासून 50 मीटरवर टेकणार. उतार शंभरास एक असेल, तर 100 मीटरवर. म्हणजे किनारा जितका सपाट, तितकं जवानांना पाण्यातून जास्त चालायचंय. पाठीवर सामान, हातात रायफल, अंगावर काडतुसं.

आणि सपाट किनाऱ्याची अजून एक खोड असते. दिवेआगरसारख्या पुळणीवर ओहोटीला आत चालत गेलात तर कधी कधी अनुभव येतो. घोट्यापर्यंत पाणी, मग अचानक मांडीपर्यंत, आणि पुढे गेलं की परत घोट्यापर्यंत. लाटांनी वाळूचा एक उंचवटा तयार केलेला असतो आणि त्याच्या अलीकडे खोलगट चर असतो. समुद्राकडून येणारं जहाज आधी त्या उंचवट्यावर टेकतं. कॅप्टनला वाटतं, किनारा लागला. पण खरा किनारा चराच्या पलीकडे असतो.

हे लक्षात ठेवा, आणि चला डिसेंबर 1971 मध्ये.

बांगलादेश युद्ध शेवटाकडे आलेलं. विक्रांतवरची सी हॉक विमानं 4 डिसेंबरपासून कॉक्स बझार आणि चितगावावर हल्ले करत होती. पाकिस्तानी सैन्य दक्षिणेकडून ब्रह्मदेशात निसटू नये म्हणून कॉक्स बझारच्या दक्षिणेला समुद्रातून जवान उतरवायचं ठरलं. मोहिमेचं नाव ऑपरेशन बीव्हर. जवान मुख्यतः तिसऱ्या गुरखा रायफल्सच्या पहिल्या बटालियनचे. डोंगरातली माणसं! त्यांना कलकत्त्याहून विश्व विजय या व्यापारी जहाजातून आणलं आणि भर समुद्रात नौदलाच्या लँडिंग जहाजांवर चढवलं. ती जहाजं म्हणजे आयएनएस घडियाल आणि आयएनएस गुलदार. दोन्ही पोलंडमध्ये बांधलेली, 1966 साली नौदलात आलेली.

वेळ कमी होता. सगळं काही दिवसांत ठरलेलं. किनाऱ्याची नीट पाहणी झालेली नव्हती, जवानांचा असा सरावही नव्हता. शरणागतीला एक-दोन दिवस उरलेले असताना उखियाजवळ घडियाल किनाऱ्याकडे निघालं, टेकलं, रॅम्प उघडला, पहिले जवान उतरले. आणि समोर चर. पाणी डोक्यावर. दोन गुरखा जवान बुडाले.

शत्रूची एक गोळीही लागली नव्हती. किंबहुना तिथे शत्रू नव्हताच. उतरवणं थांबवावं लागलं. बाकीचे जवान नंतर स्थानिक लोकांच्या होड्यांमधून किनाऱ्याला लागले. 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि ही मोहीम त्या बातमीखाली दबून गेली.

आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो, टेस्टिंगला सगळं चालतं, खरी परीक्षा प्रॉडक्शनमध्ये. इथे जहाज उत्तम होतं, योजनेतही दम होता. एकच माहिती नव्हती: शेवटच्या काही मीटरमध्ये पाणी किती. आणि ती माहिती कुठल्याच नकाशावर फार काळ टिकत नाही, कारण वाळू सरकते.

बाहेरच्या जगातही हेच झालंय. नोव्हेंबर 1943 मध्ये पॅसिफिकमधल्या तरावा बेटावर अमेरिकेच्या बोटी प्रवाळाच्या कड्यावर अडकल्या. भरती पुरेशी चढलीच नाही. सैनिकांना गोळीबारात शेकडो मीटर पाण्यातून चालावं लागलं. त्याच वर्षाच्या शेवटच्या रात्री दोन ब्रिटिश सैनिक पोहत नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर गेले आणि वाळूचे नमुने घेऊन परत आले. कशासाठी? तर रणगाडे त्या वाळूत रुतणार तर नाहीत ना, हे बघायला. जर्मन पहारेकऱ्यांच्या नाकाखालून, मूठभर वाळूसाठी! आता त्या धाडसाची किंमत कळते.

गुलदारची गोष्ट मात्र 1971 ला संपत नाही. नौदलात जुन्या जहाजाचं नाव नव्याला देतात. दुसरी गुलदारही पोलंडचीच, 1985 साली आलेली, सुमारे 84 मीटर लांब. ती चित्ता आणि कुंभीर या जहाजांबरोबर अंदमान-निकोबारकडे होती. तिघींनी मिळून 1,300 हून जास्त वेळा किनाऱ्याला टेकून जवान उतरवले. श्रीलंकेतल्या शांतिसेनेच्या काळात ही जहाजं होती, 2004 च्या त्सुनामीनंतर मदतीलाही होती. जेट्टीच मोडून पडलेली असते, तेव्हा जेट्टी न लागणारं जहाजच कामाला येतं. 12 जानेवारी 2024 रोजी पोर्ट ब्लेअरला तिन्ही जहाजं एकदम निवृत्त झाली.

आणि आता ही गुलदार आपल्या कोकणात आहे! 2025 मध्ये ती महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे आली. सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ तिला समुद्रतळाशी बसवून पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना आहे. उद्या तुमच्यापैकी कोणी तिथे डायव्हिंगला जाईल, रील काढेल. जरूर काढा. पण कॅप्शनमध्ये त्या दोन गुरखा जवानांसाठी एक ओळ लिहा. गुलदारच्या पहिल्या जहाजाबरोबर त्याच मोहिमेत गेलेले ते जवान किनारा समोर दिसत असताना गेले.

आजचं काम सांगतो. तुमच्या गावात एखादे काका, आजोबा असतील, ज्यांना कुठल्या महिन्यात वाळू कुठे सरकते, उधाणाला होडी कुठून आत घ्यायची, भांगाला कुठे अडकते हे तोंडपाठ आहे. त्यांना विचारा, फोनवर रेकॉर्ड करा, आम्हाला पाठवा. उखियाला शेवटी जवानांना किनाऱ्यावर आणलं ते असल्याच माणसांच्या होड्यांनी.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!