मताचा कल आणि मताचे कर्तव्य
(शिरूर व दौंड येथील ज्ञातिबांधवांच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



ज्ञातीच्या व्यासपीठावर राजकारण आणू नये, असा आपला जुना दंडक आहे. तो मोडण्याचा आमचा मानस नाही. कोणत्या पक्षास मत द्यावे हे सांगण्यास आम्ही उभे राहिलेलो नाही. परंतु मत द्यावे की न द्यावे, हा प्रश्न पक्षाचा नसून नागरिकत्वाचा आहे, आणि त्याविषयी बोलणे संस्थेचे कर्तव्यच होय.

निवडणूक जवळ आली की पारावर व पेढीवर एकच पृच्छा सुरू होते : यंदा गावाचा कल कोणीकडे? जणू काही कल ही ग्रहांप्रमाणे आकाशात ठरणारी गोष्ट आहे! आपल्या दोन तालुक्यांचा इतिहास मात्र निराळेच सांगतो. शिरूर विधानसभा मतदारसंघाने २००९ मध्ये राष्ट्रवादीचे अशोक पवार, २०१४ मध्ये भाजपचे बाबूराव पाचर्णे, २०१९ मध्ये पुन्हा पवार आणि २०२४ मध्ये अजित पवार यांच्या राष्ट्रवादीचे ज्ञानेश्वर कटके यांस निवडून दिले. दौंडात २००९ साली रमेश थोरात अपक्ष म्हणून विजयी झाले. पुढे राहुल कुल २०१४ मध्ये राष्ट्रीय समाज पक्षातर्फे व २०१९ आणि २०२४ मध्ये भाजपतर्फे निवडून आले. त्याच दौंडाने २०२४ च्या मे महिन्यात लोकसभेसाठी सुप्रिया सुळे यांस आघाडी दिली, आणि सहा महिन्यांनी विधानसभेसाठी कुल यांस कौल दिला. तात्पर्य, येथील मतदार कोणाच्या दावणीस बांधलेला नाही. तो माणूस पाहतो, काम पाहतो, वेळ पाहतो.

आता दुसरी बाजू पाहू. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत दौंडचा निकाल अवघ्या ७४६ मतांनी लागला. दोन्ही प्रमुख उमेदवारांस लाखाहून अधिक मते पडली होती. एका मतदान केंद्राच्या यादीत साधारणतः हजाराच्या आसपास नावे असतात. म्हणजे एका यादीहूनही लहान असलेल्या फरकाने पाच वर्षांचा प्रतिनिधी ठरला. त्या दिवशी घरी राहिलेल्या मतदारांची संख्या या फरकाच्या कित्येक पटींनी अधिक होती. निर्णय जितका मतदान करणाऱ्यांनी केला, तितकाच तो न करणाऱ्यांनीही केला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत शिरूर मतदारसंघात सुमारे ५४ टक्के व दौंड ज्यात मोडते त्या बारामतीत सुमारे ५९ टक्के मतदान झाले. शिरूर मतदारसंघात हडपसर व भोसरी हे दाट शहरी वस्तीचे भाग येतात, त्यामुळे हा सारा उणेपणा शिरूर गावाच्या माथी मारणे न्याय्य नाही. तथापि शंभरांतील चाळीस-पंचेचाळीस माणसे घरी राहतात, हे काही भूषण नव्हे.

यामागे केवळ आळस आहे असेही आम्हांस वाटत नाही. दौंड हे रेल्वेचे जंक्शन. गाडीवरच्या माणसाची पाळी मतदानाची वेळ पाहून लागत नाही. शिरूरची तरुण मंडळी रांजणगावच्या कारखान्यांत वा पुण्यात नोकरीस आहेत; राहणे एकीकडे आणि नाव दुसरीकडे. लग्न होऊन दौंडास आलेल्या मुलीचे नाव शिरूरच्या माहेरच्या यादीत तसेच राहते. २०२४ मध्ये दौंडचे मतदान ७ मे रोजी व शिरूरचे १३ मे रोजी झाले. सासरी नाव नाही आणि माहेरी जाणे जमत नाही, अशा भगिनींचे मत दोन्हींकडून बुडते. नाव दोन ठिकाणी ठेवणे हा यावरील उपाय नव्हे. कायद्यास ते मान्य नाही. राहण्याच्या जागी नाव हलवून घेणे, हाच खरा मार्ग होय.

यावर कोणी सुचवितात की, संस्थेनेच एक ठराव करावा व ज्ञातीची मते गठ्ठ्याने एका बाजूस टाकावीत, म्हणजे पुढारी आपणांस विचारतील. या सूचनेस आमचा स्पष्ट विरोध आहे. उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कोणी जातीच्या नावावर मत मागणे हा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने भ्रष्ट आचार ठरविला आहे. मतदाराच्या जातीचा हवाला देणेही त्यात येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी बहुमताने सांगितले. परंतु कायदा बाजूस ठेवला तरी, ज्याचा गठ्ठा बांधता येतो त्याची किंमतही ठरविता येते. मग सौदा चार प्रमुखांशी होतो आणि घरोघरच्या माणसास कोणी विचारीत नाही. ज्याचे मत गृहीत धरता येत नाही, त्याच्याच दारी उमेदवारास यावे लागते.

हा अधिकार आपणांस किती उशिरा लाभला, याचेही स्मरण असावे. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकांत साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे तीन कोटी लोकांसच मत होते. कर, मालमत्ता वा शिक्षण यांची अट होती. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ती अट गेली आणि सतरा कोटींहून अधिक स्त्री-पुरुष मतदार झाले. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कित्येकांस जे मागूनही मिळाले नसते, ते आपण सुट्टीच्या दिवशी झोपेत घालवावे काय?

म्हणून संस्थेने तीन साधी कामे हाती घ्यावीत. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलामुलीचा नमुना ६ भरून घ्यावा. आता त्यासाठी वर्षातून चार अर्हता-दिनांक आहेत. स्थलांतर झालेल्यांचा व सासरी आलेल्या भगिनींचा नमुना ८ भरावा. आणि मतदानाच्या दिवशी वृद्धांस केंद्रापर्यंत नेण्यासाठी तरुणांचे पथक नेमावे. मात्र वाटेत कोणाचेही नाव कानात सांगू नये.

बंधुभगिनींनो, कल प्रत्येकाचा ज्याच्या त्याच्यापाशी राहो. मतभेद असलेली माणसे एका पंगतीस बसू शकतात, हेच आपल्या ज्ञातीचे वैभव आहे. परंतु यादीत नाव नाही व बोटास शाई नाही, असे एकही घर आपल्यांत उरू नये, इतकी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.